नऊ महिन्यांचे मुख्यमंत्रिपद आणि एक गुणपत्रक

अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष होऊन गेलेल्या माणसाचे चरित्र लिहिले जाणे हे जणू त्या पदाबरोबरच ठरलेले असते. १८४१ मध्ये शपथविधीनंतर अवघ्या महिनाभरात निवर्तलेले विल्यम हेन्री हॅरिसन हेसुद्धा त्यातून सुटले नाहीत. पद किती दिवस भोगले यापेक्षा त्या दिवसांत संस्था कशा वागल्या, हे नोंदवून ठेवण्याची त्या समाजाला सवय लागलेली आहे. आपल्याकडे मुख्यमंत्रिपदावरून पायउतार झालेल्या नेत्याच्या वाट्याला प्रथम सत्कार, मग गौरवग्रंथ आणि अखेरीस पुतळा येतो. जमेबरोबर नावेची बाजूही मांडणारा हिशेब मात्र क्वचितच लिहिला जातो. निलंग्याचे शिवाजीराव भाऊराव पाटील ३ जून १९८५ रोजी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले आणि मार्च १९८६ च्या पहिल्या आठवड्यात त्यांनी राजीनामा दिला. या नऊ महिन्यांचा हिशेब मुंबईच्या वृत्तपत्रांनी तेव्हाच आपल्या परीने मांडला. तो निलंग्यातून कसा दिसतो, हे मात्र आम्ही निलंगेकरांनी कधी मोकळेपणाने सांगितले नाही.

मराठवाड्याने आजवर महाराष्ट्राला चार मुख्यमंत्री दिले: शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख आणि अशोक चव्हाण. चौघांचीही राजकीय भूमी नांदेड आणि लातूर या दोनच जिल्ह्यांत. या योगायोगाचा अभिमान आमच्याकडे चहाच्या टपरीपासून शिक्षकांच्या खोलीपर्यंत सर्वत्र ऐकू येतो. परंतु याच चौघांपैकी एकालाही सलग पाच वर्षे त्या खुर्चीवर बसता आले नाही, हे त्याबरोबर सांगितले जात नाही. अर्थात हे दुर्दैव एकट्या मराठवाड्याचे नव्हे. वसंतराव नाईक आणि देवेंद्र फडणवीस हे दोन अपवाद वगळले, तर महाराष्ट्रात पाच वर्षांची पूर्ण मुदत सलग कोणाच्याच वाट्याला आलेली नाही. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाची चार वर्षे राज्यघटनेने मोजून दिलेली असतात आणि महाभियोगाखेरीज ती कोणी हिरावून घेऊ शकत नाही. आपला मुख्यमंत्री घटनेप्रमाणे विधानसभेला जबाबदार असतो, परंतु त्या काळी त्याची मुदत दिल्लीतून ठरत असे.

शिवाजीरावांचा जन्म ९ फेब्रुवारी १९३१ चा. तेव्हा निलंगा हा निजामाच्या राज्यातील बिदर जिल्ह्याचा तालुका होता. मांजरा आणि तेरणा या नद्यांचा हा प्रदेश बिदरला आणि भालकीला जितका जवळ, तितका मुंबईपासून दूर. अंतरानेही आणि मनानेही. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलिस कारवाई होऊन हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. त्या पिढीची मानसिक घडण समजून घेतल्याखेरीज पुढचे काहीच नीट कळत नाही. संस्थानात उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते आणि मराठी मुलाला महाविद्यालय पाहायचे तर हैदराबादची वाट धरावी लागे. मराठवाड्यात महाविद्यालये उभी राहू लागली तीच मुळी १९५० च्या सुमारास: औरंगाबादेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मिलिंद, नांदेडात स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेचे पीपल्स. मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते १९५८ मध्ये. अशा प्रदेशात ज्याने शाळा काढली, महाविद्यालय काढले, त्याला लोकांनी देवपण दिले नसते तरच नवल. शिवाजीरावांनी निलंग्यात महाराष्ट्र शिक्षण समिती स्थापन केली आणि तिचे महाविद्यालय उभे राहिले. अंबुलग्याच्या सहकारी साखर कारखान्यालाही पुढे त्यांचे नाव मिळाले. या तालुक्यातील कितीतरी घरांतला पहिला पदवीधर त्या वर्गांतून बाहेर पडला. ही जमेची बाजू मोठी आहे आणि ती प्रथम लिहिली पाहिजे.

१९६२ मध्ये ते प्रथम विधानसभेवर गेले. पुढे निरनिराळ्या मंत्रिमंडळांत त्यांनी खाती सांभाळली. तथापि यशवंतराव चव्हाण किंवा वसंतदादा पाटील यांच्याप्रमाणे स्वतःचा असा राज्यव्यापी गट त्यांच्यापाशी नव्हता. मार्च १९८५ च्या निवडणुकीनंतर वसंतदादा मुख्यमंत्री झाले. परंतु प्रदेश काँग्रेसच्या अध्यक्षपदी त्यांच्या मनाविरुद्ध प्रभा राव यांची नेमणूक झाली आणि दादांनी राजीनामा दिला. रिकाम्या झालेल्या खुर्चीवर कोणाला बसवायचे, याचा निर्णय करताना दिल्लीला गटाचे बळ असलेला माणूस नको होता. गट नसणे ही एरवी राजकारणातील उणीव मानली जाते. त्या जून महिन्यात तीच पात्रता ठरली. असे मिळालेले पद हे उसनवारीचे पद असते. धनको केव्हा तगादा लावील याचा नेम नसतो.

तरीही त्या वेळी मराठवाड्यात आशा किती होती, हे आज सांगितले तर विद्यार्थ्यांना खरे वाटत नाही. ऑगस्ट १९८२ मध्ये उस्मानाबादेतून लातूर जिल्हा वेगळा झाला होता आणि नव्या जिल्ह्याची घडी अजून बसायची होती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे १९८४ मध्ये प्रा. वि. म. दांडेकर यांच्या सत्यशोधन समितीने प्रादेशिक असमतोलाचा अहवाल सादर केला होता. आमच्या विषयातील हा एक अजोड दस्तऐवज होय. रस्ते, पाटबंधारे, ग्रामीण वीजपुरवठा, शिक्षण, आरोग्य अशा क्षेत्रांत राज्याच्या सरासरीपेक्षा कोणता जिल्हा किती मागे आहे हे मोजून, ती तूट भरून काढण्यास किती रुपये लागतील याचा आकडा समितीने काढला. एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटींचा निघाला आणि त्यात मराठवाड्याचा वाटा सुमारे ७५१ कोटींचा होता. ‘आमच्यावर अन्याय होतो’ ही तक्रार प्रथमच रुपयांत लिहिली गेली होती. विधानमंडळाने त्याच वर्षी विकास मंडळांची मागणी करणारा ठराव केला होता. आणि अशा क्षणी मुख्यमंत्री झाला तो थेट निलंग्याचा माणूस. अनुशेषाचा निधी आता हातचा, असे आम्हांस वाटले असल्यास नवल नाही. प्रत्यक्षात विकास मंडळे स्थापन व्हायला १९९४ चा एप्रिल उजाडावा लागला. नऊ महिन्यांत कोणीही ७५१ कोटींची तूट भरू शकला नसता हे खरे; परंतु ते नऊ महिने ज्या कारणाने संपले, त्याचा अनुशेषाशी काडीचाही संबंध नव्हता.

संबंध होता तो परीक्षेशी. १९८५ च्या उत्तरार्धात मुंबई विद्यापीठाची एम.डी. ची परीक्षा झाली. स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र या विषयाच्या परीक्षार्थींत मुख्यमंत्र्यांची कन्या होती. निकालानंतर त्याच परीक्षेला बसलेल्या एका डॉक्टर विद्यार्थ्याने मुंबई उच्च न्यायालयात याचिका दाखल केली. गुणांच्या नोंदीत फेरफार करून संबंधित परीक्षार्थीला उत्तीर्ण करण्यात आले, असा त्याचा आरोप होता. एकसदस्य पीठाने फेरफार झाल्याचे मान्य केले आणि तो मुख्यमंत्र्यांसाठी, त्यांच्या सांगण्यावरून झाला असा निष्कर्ष नोंदवला. त्या ताशेऱ्यांनंतर शिवाजीरावांनी राजीनामा दिला आणि त्याच मार्च महिन्यात शंकरराव चव्हाण दिल्लीहून परतून मुख्यमंत्री झाले. पुढे अपिलात खंडपीठाने भूमिका सौम्य केली. मुख्यमंत्र्यांनी सांगितले म्हणूनच फेरफार झाला, असे थेट सिद्ध होत नाही असे पीठाने म्हटले. परंतु एकंदर परिस्थितीवरील प्रतिकूल अभिप्राय काढून टाकला नाही. डिसेंबर १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो अभिप्राय कायम ठेवला आणि सार्वजनिक जीवनातील मूल्यांच्या घसरणीबद्दल चिंता व्यक्त केली.

येथे एक गोष्ट न्यायबुद्धीने सांगितली पाहिजे. हा फौजदारी खटला नव्हता. कोणाला शिक्षा झाली नाही आणि ‘सिद्ध झाले’ व ‘संशयास जागा आहे’ या दोहोंत कायद्याच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. शिवाजीरावांचे समर्थक आजही या अंतरावर बोट ठेवतात आणि ते चुकीचे नाही. परंतु राजीनामा हा तुरुंगवास नव्हे. राज्याच्या प्रमुखाच्या घरातील परीक्षार्थीचे गुण बदलले गेले आणि ते का बदलले गेले याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही, एवढे राजीनाम्याला पुरेसे होते. त्याच न्यायालयाच्या निर्णयानंतर जानेवारी १९८२ मध्ये अ. र. अंतुले यांनाही पद सोडावे लागले होते. चार-सव्वाचार वर्षांत दोन मुख्यमंत्री न्यायालयाच्या लेखणीने गेले. विधानसभेत काँग्रेसचे भक्कम बहुमत असताना विरोधी पक्षाला जे जमले नसते, ते न्यायालयाने केले.

या घटनेला एक विलक्षण पार्श्वभूमी आहे. डिसेंबर १९८५ च्या अखेरीस काँग्रेसचे शताब्दी अधिवेशन मुंबईत भरले. यजमान राज्याचे मुख्यमंत्री शिवाजीराव होते. त्याच व्यासपीठावरून राजीव गांधींनी पक्षातील सत्तेच्या दलालांवर कोरडे ओढले. ते ऐकून टाळ्या वाजल्या. पुढच्या दहा आठवड्यांत यजमानांचे पद गेले. वाजलेल्या टाळ्यांपैकी किती मनापासून होत्या, याचा हिशेब कोणा दांडेकर समितीलाही काढता आला नसता.

रिचर्ड निक्सन यांची आठवण येथे अपरिहार्य आहे. जुलै १९७४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिफिती सादर करण्याचा आदेश एकमताने दिला आणि ऑगस्टमध्ये निक्सन यांनी राजीनामा दिला. राष्ट्राध्यक्षाचा तो अमेरिकेच्या इतिहासातील एकमेव राजीनामा. सत्तेचा प्रमुख न्यायालयापुढे नमतो, हे साम्य. भेद त्यापुढे आहे. निक्सन पुन्हा कोणत्याही पदावर आले नाहीत. शिवाजीराव मात्र आमदार राहिले, पुढे प्रदेश काँग्रेसचे अध्यक्ष झाले, आणि २००३ मध्ये सुशीलकुमार शिंदे यांच्या मंत्रिमंडळात महसूलमंत्री म्हणून पुन्हा मंत्रालयात गेले. मुख्यमंत्रिपद दिल्लीने दिले होते, म्हणून ते न्यायालयाच्या एका निर्णयानंतर दिल्लीला काढून घेता आले. निलंगा दिल्लीने दिला नव्हता.

आणि निलंगा त्यांच्याकडून काढून घेतला तो न्यायालयाने नव्हे, विरोधी विचारानेही नव्हे, तर त्यांच्याच घराने. २००४ मध्ये नातू संभाजी पाटील भारतीय जनता पक्षाकडून उभे राहिले आणि त्यांनी आजोबांचा पराभव केला. त्याच वर्षी सून रूपाताई पाटील लातुरात शिवराज पाटील चाकूरकरांना हरवून लोकसभेत गेल्या. २००९ मध्ये अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी आजोबांनी नातवाला हरवून मतदारसंघ परत मिळवला. २०१४ मध्ये नातवाने काका अशोकराव पाटील यांना हरवले आणि पुढे राज्याचे मंत्रिपदही मिळवले. अमेरिकेत अ‍ॅडम्स आणि बुश या घराण्यांत पिता-पुत्र दोघेही राष्ट्राध्यक्ष झाले. परंतु ते एकमेकांविरुद्ध लढले नाहीत. आमच्याकडे पक्ष बदलला, पिढी बदलली, आडनाव बदलले नाही. असो.

मला अस्वस्थ करणारा प्रश्न वेगळा आहे. ज्या माणसाचे मुख्यमंत्रिपद परीक्षेच्या गुणांवरून गेले, त्याला शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी यांचा भरणा असलेल्या या तालुक्याने पुनःपुन्हा का निवडून दिले? मतदार अडाणी आहे, हे मुंबईचे उत्तर मला मान्य नाही. आमचा मतदार हिशेबी आहे. त्याच्या वहीत दोन खाती आहेत. एका खात्यावर रस्ता, शाळा, कारखाना, दवाखान्यात पोचवलेला माणूस आणि बदलीसाठी दिलेली चिठ्ठी हे सारे जमा होते. दुसऱ्या खात्यावर मुंबईत काय घडले ते लिहिलेले असते, आणि त्या खात्यातून आपले काही गेले असे त्याला वाटत नाही. गुण बदलले ते मुंबई विद्यापीठाचे; नुकसान झाले ते कोणा अनोळखी परीक्षार्थीचे. निलंग्याच्या शेतकऱ्याचे काय गेले?

अर्थशास्त्राचा अध्यापक म्हणून मला वाटते की, हा हिशेब येथेच चुकतो. गुण हे चलनासारखे असतात. खोटी नोट एका दुकानात खपली तरी तिचा तोटा त्या दुकानदारापुरता राहत नाही. खिशात खरी नोट बाळगणाऱ्या प्रत्येकाकडे दुकानदार संशयाने पाहू लागतो. ज्याच्याकडे जमीन आहे, कारखाना आहे, ओळख आहे, त्याला हा संशय परवडतो. त्याच्यापाशी दुसरे भांडवल असते. कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलाजवळ गुणपत्रकाखेरीज दुसरे भांडवल नसते. म्हणून बनावट गुणांचा सर्वांत मोठा तोटा मलबार हिलवर होत नाही. तो औराद शहाजानीच्या आणि कासार शिरसीच्या घरांत होतो. शिवाजीरावांच्या नंतरच्या काळात लातूर हे गुणवत्ता यादीचे गाव म्हणून राज्यभर प्रसिद्ध झाले. ‘लातूर पॅटर्न’ या नावाखाली शिकवण्या, वसतिगृहे, खानावळी आणि पुस्तकांची दुकाने यांचे एक संपूर्ण अर्थकारण उभे राहिले. ते उभे आहे ते केवळ एका विश्वासावर: मुलगा जेवढे लिहील तेवढेच त्याला मिळेल. २०२४ मध्ये ‘नीट’ परीक्षेतील गैरप्रकारांच्या तपासाचे धागे लातूरपर्यंत आले, तेव्हा या विश्वासाला तडा गेल्यावर काय होते हे येथील पालकांनी स्वतः अनुभवले. १९८६ मध्ये दुसऱ्याच्या खात्यावर टाकलेली रक्कम आपल्याच नावे निघाली.

आणि वशिला काही फक्त वरून खाली येत नाही. तो खालून वर मागितला जातो. प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी ‘सर, पोराकडे जरा लक्ष असू द्या’ असे सांगायला आलेला पालक ज्याच्या दारात आला नाही, असा अध्यापक मला भेटलेला नाही. माझ्याही दारात ते आले आहेत. त्यांतील बहुतेक माणसे सज्जन होती, वयाने मोठी होती, काहींना मी मामा-काका म्हणून हाक मारतो. त्यांना नाही म्हणताना जीभ जड होते आणि दर वेळी मी स्पष्टपणे ‘नाही’ म्हटले, असा दावा मी करणार नाही. ‘बघू’ म्हणून वेळ मारून नेली आहे. ‘बघू’ या शब्दाचा अर्थ पालक आपल्या सोयीने लावतो, हे मला ठाऊक होते. मंत्रालयात किंवा विद्यापीठात हाच शब्द उच्चारला जातो तेव्हा त्याचा अर्थ आणखी कोणी आणखी कोणाच्या सोयीने लावत असेल. मोठ्या माणसाने तोंडाने काही सांगावेच लागते असे नाही. खंडपीठाला थेट दुवा सापडला नाही, याचे मला म्हणूनच फारसे आश्चर्य वाटले नाही.

या प्रकरणात ज्याचे चरित्र कोणी लिहिले नाही, तो म्हणजे याचिका करणारा विद्यार्थी. त्याच्या हेतूविषयीही न्यायालयात प्रश्न उपस्थित झाले होते; याचिका निव्वळ लोकहितासाठी आहे की स्वतःच्या निकालासाठी, असा वाद होता. सर्वोच्च न्यायालयाचे म्हणणे असे की, गाऱ्हाणे घेऊन येणाऱ्याचा हेतू काहीही असो, समोर आलेली बाब सार्वजनिक हिताची असेल तर न्यायालयाने ती तपासली पाहिजे. हा मुद्दा मला त्या निकालातील सर्वांत मोलाचा वाटतो. त्या तरुणाने हे धाडस कोणत्या काळात केले, तेही ध्यानात घ्यावे. जुलै १९८४ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राच्या परीक्षा मंडळाच्या प्रकरणात असा निर्णय दिला होता की, परीक्षार्थीला आपली उत्तरपत्रिका पाहण्याचा अधिकार नाही. स्वतःची उत्तरपत्रिकादेखील पाहता येत नव्हती, अशा दिवसांत एक विद्यार्थी राज्याच्या मुख्यमंत्र्यांच्या घरातील गुणांवर न्यायालयात बोट ठेवतो, याला छाती लागते.

ही कवाडे उघडायला आणखी पाव शतक लागले. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ मध्ये आला आणि ऑगस्ट २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्याखाली परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा आणि तिची प्रत घेण्याचा हक्क मान्य केला. तोवर शिवाजीराव ऐंशी वर्षांचे झाले होते आणि विधानसभेत निलंग्याचे प्रतिनिधित्व करीत होते. ५ ऑगस्ट २०२० रोजी, महासाथीच्या दिवसांत, वयाच्या नव्वदीच्या उंबरठ्यावर ते पुण्यात निधन पावले.

गेल्या वर्षी माझ्या वर्गातील एका विद्यार्थिनीला अर्थशास्त्राच्या एका प्रश्नपत्रिकेत अपेक्षेपेक्षा बरेच कमी गुण पडले. तिचे वडील मला भेटायला आले आणि कोणाला भेटावे लागेल असे विचारू लागले. मी त्यांना कोणालाही भेटायला सांगितले नाही. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणायला सांगितले आणि मुलीला अर्ज लिहायला बसवले. दीड महिन्याने उत्तरपत्रिकेची प्रत आली. आम्ही दोघांनी मिळून गुणांची बेरीज पुन्हा केली. ती बरोबर होती. एकही गुण वाढला नाही. मुलगी कागद घडी घालून पिशवीत ठेवत म्हणाली, “चौथा प्रश्न मी खरंच अर्धा सोडला होता, सर. आत्ता दिसलं.”